भुकाईचं रिकामं ताट

तळखोऱ्याच्या डोंगरावर भुकाईचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे फार काही नाही. दगडी गाभारा, पुढं कौलारू मंडप आणि उंबऱ्यालगत बसून बसून गुळगुळीत झालेला एक बसका दगड. मार्गशीर्षातल्या जत्रेला पहिल्यांदा आलेला पाहुणा इथं हमखास चक्रावतो. सगळ्या मुलखात देवाला भरलं ताट दाखवतात. इथं देवीपुढं ठेवतात ते ताट रिकामं असतं. नुसतं रिकामंही नाही, कुणीतरी बोटांनी निपटून जेवलेलं, उष्टं. एखादा पाहुणा रागावतो, एखादा हळूच विचारतो, की नैवेद्य वाढायला विसरलात का.

देवळाची राखण द्वारकाबाई गुरवांकडे आहे. त्या वयानं वाकल्या आहेत, पण जीभ अजून ताठ आहे. अशा पाहुण्याला त्या मंडपात बसवतात, गुळाचा खडा आणि पाणी देतात आणि म्हणतात, "रागावू नका. देवी जेवली हाय. कशी जेवली ते ऐका." मग त्या जे सांगतात ते असं.

फार मागं, देवीचं नाव अजून डोंगराई होतं तेव्हा, तळखोऱ्यात येसाई नावाची एक बाई राहत होती. घर खातंपितं होतं. कणगीत भात, गोठ्यात दुभतं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घराची सगळी सूत्रं येसाईच्या हाती होती आणि तिच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरसुद्धा जात नसे. मुलगा हैबती आईपुढं मान वर करत नसे, मग सून सगुणा काय करणार? घरात सगळं होतं, पाळणा तेवढा रिकामा होता. सगुणा दोनदा बाळंत झाली होती. दोन्ही वेळा मूल आलं ते ओंजळीत मावेल एवढं, आणि बारशाच्या आधीच गेलं. दुसऱ्या वेळी सगुणाही जाता जाता राहिली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि येसाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. हेही मूल गेलं तर? आणि या खेपेला मुलापाठोपाठ सूनही गेली तर?

त्या काळी खोऱ्यात एक समज पक्का होता, असं सांगतात. पोटुशी बाई पोटभर जेवली की पोटात मूल माजतं, मूल माजलं की वाट अडते आणि बाई दगावते. म्हणून दिवस गेले रे गेले, की सुनेचं ताट आखडायचं. 'आखडतं पान, सुटं बाळंतपण' अशी म्हणच होती म्हणे. ही म्हण पोटभर जेवून ढेकर देता देता कुणा पुरुषानं केली असावी, असं द्वारकाबाईंचं ठाम मत आहे. पण येसाई दुष्ट नव्हती, हेही त्या बजावून सांगतात. सुनेवर तिचा जीव होता, आणि जीव होता म्हणूनच ती हात आखडून वाढायची. नाचणीची अर्धी भाकरी आणि वर पाण्यासारखं कळण. सगुणाची नजर टोपलीकडे वळली की म्हणायची, "सोस बाई. तुझ्याच भल्यासाठी हाय."

सगुणाला दिवस गेल्याचं कळलं तसं येसाईनं डोंगराईला नवस केला. "आई, सून सुखरूप मोकळी होईस्तोवर रोज तुला पोटभर जेवू घालीन. त्यातला कण माझ्या घरात कुणी तोंडात घालणार न्हाई." दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी ताट घेऊन डोंगर चढू लागली. भात, तुपाची धार, शेवग्याच्या पाल्याची भाजी, घट्ट वरण, तिळाचा लाडू, दुधाची वाटी. देवीला दाखवायचं, घटकाभर बसायचं, आणि ताट परत आणून गाईला घालायचं. गाय बघता बघता टुमटुमीत झाली. सून मात्र चुलीपुढं उठता-बसता भिंत धरू लागली.

पुढं येसाईचा गुडघा धरला. पायऱ्या काही चढवेनात. पोटुशीनं चालतं-फिरतं असावं असं गावची सुईण सांगायचीच, तेव्हा ताट सगुणाच्या हाती आलं. पहिल्याच दिवशी ती परत आली आणि तिनं ताट ओट्यावर ठेवलं. येसाई बघते तो ताट लख्ख. भाताचं शीत नाही, लाडवाचा कण नाही, दुधाची वाटीसुद्धा कोरडी.

"आज गाईला काय घालू?" येसाईनं विचारलं.

"देवीनं काही ठेवलंच न्हाई," सगुणा खाली बघून म्हणाली.

पाहुणे इथं हसतात. तुम्हालाही कळलंच असेल. पण येसाईला कळलं नाही, कारण माणसाला जे हवं असतं ते खरं वाटायला वेळ लागत नाही. देवी आपल्या हातचं प्रत्यक्ष जेवते, या आनंदात ती गावभर सांगत सुटली. दुसऱ्या दिवशी तिनं ताटात जास्तीचा भात वाढला, त्याच्या दुसऱ्या दिवशी खरवस ठेवला. ताट रोज लख्ख परत येई. देवीची भूक वाढत चालली तशी येसाईची हौसही वाढली. कधी माठाची भाजी, कधी अंडं घातलेलं कालवण. डोंगराईला तसलं चालतं. एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं, की सुनेच्या गालावर रंग चढतोय आणि ती आता भिंत धरत नाही. देवी पावली म्हणायची, असं तिनं मनाशी धरलं.

देवी जेवते कशी ते एकदा डोळ्यांनी बघावं, असं तिच्या मनानं घेतलं. एका दुपारी सून पुढं गेल्यावर ती काठी टेकत, थांबत थांबत डोंगर चढली. मंडपात पाऊल टाकलं. उंबऱ्याजवळच्या त्या दगडावर सगुणा बसली होती. मांडीवर नैवेद्याचं ताट होतं. देवीकडे तोंड करून ती घासामागून घास खात होती, आणि खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

देवीच्या तोंडचा घास सुनेनं उष्टावला होता. नवस मोडला होता. आता देवी हे मूलही नेणार, या धास्तीनं येसाई कडाडली. "कैदाशिणी, काय केलंस हे? पोटच्या पोराचा घात केलास."

सगुणानं ताट खाली ठेवलं. ती गयावया करत बसली नाही, पायाही पडली नाही. एवढंच म्हणाली, "आत्याबाई, मला भूक लागली व्हती."

आजवर त्या खोऱ्यात कुठल्याही सुनेनं हे वाक्य तोंडातून काढलं नव्हतं, असं सांगतात. येसाईचीही पहिली दोन पोरं हैबतीच्या आधी अशीच गेली होती. तेव्हा चुलीपुढं बसून हेच वाक्य तिच्या ओठांशी कितीदा आलं होतं, आणि सासूच्या धाकानं तिनं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं होतं. हे ती कधी कुणाला बोलली नव्हती. आता सुनेच्या तोंडून ते ऐकलं आणि तिचा राग कुठल्या कुठं गेला. भीती मात्र तशीच राहिली.

तिनं गुरवाला, भिवाला, हाक मारली आणि कौल लावायला सांगितलं. इथला कौल असा, की देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओली फुलं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. भिवानं फुलं लावली. येसाईनं पदर पसरला. "आई, नैवेद्य तुला पावला का?"

उजवं फूल पडलं. येसाईचा विश्वास बसेना. भिवानं पुन्हा फूल लावलं, तिनं पुन्हा विचारलं, आणि पुन्हा उजवंच पडलं. मग ती मान न उचलता म्हणाली, "मग घरी ते आखडतं पान ठेवू का पुढं?"

तेव्हा डावं फूल सुटलं आणि पदरावरून ओघळत थेट येसाईच्या हातावर आलं, असं म्हणतात.

येसाईनं ताट उचललं. उरलेला भात कालवला, तूप सोडलं आणि सुनेला त्याच दगडावर बसवून म्हणाली, "जेव. मी हाय हितं."

त्या दिवसापासून येसाईच्या घरचं सगळंच पालटलं. सगुणाच्या डोक्यावरची जड घागर हैबतीच्या डोक्यावर गेली. तो लाजला, पण आईपुढं बोलायची सोय नव्हती. दुपारी सून कलंडली की येसाई दार लोटून घेऊ लागली. आधी बाळासाठी चिंधीसुद्धा काढून ठेवायला तिची बंदी होती, आल्यावर बघू म्हणायची. आता तिनं स्वतःचं मऊ पडलेलं लुगडं फाडलं, उकळत्या पाण्यात काढून उन्हात वाळवलं आणि दुपटी, लंगोट शिवायला बसली. सुईण ठकीला आधीच निरोप धाडून ठेवला. दळण, सरपण, डिंक, हळीव, सगळं भरून ठेवलं.

गावातल्या बायका मात्र कुजबुजत होत्या. सगुणाचं पोट बघून म्हणायच्या, मूल माजलंय, येसाई सुनेला खाऊ घालून मारणार. येसाई तोंडावर तोडून टाकायची, "मारायचंच असतं तर अर्धी भाकरी पुरली असती." तोंडानं असं म्हणे, पण आतून ती धास्तावलेली असे. देवीचा कौल एकीकडे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची म्हण दुसरीकडे. म्हण खरी निघाली तर सुनेच्या मरणाला आपणच कारण, हे तिला ठाऊक होतं.

भात कापणीला आला तेव्हा सगुणाला सकाळीच कळा सुरू झाल्या. ठकी आत गेली, दार बंद झालं. येसाई ओसरीवर बसली. अंगणात बायका जमल्या, पण बोलत कुणी नव्हतं. सगुणाच्या कण्हण्याचा आवाज येत होता, आणि तो येतोय तोवर ती आहे, एवढंच येसाई मनात धरून होती. मध्येच तो आवाज थांबला. येसाईनं डोळे मिटले. मागच्या खेपेला असाच थांबला होता.

आणि मग मूल रडलं. ओंजळीतल्या पिलाची ती किरकिर नव्हती. गोठ्यातली गाय दचकून उभी राहिली म्हणे, असं खणखणीत रडलं. ठकी दारात आली आणि म्हणाली, "पोरगी हाय. अशी भरली हाय, की दुपट्यात मावंना. वाट अडली-बिडली काही न्हाई. आईच्या अंगात जोर व्हता, तिनंच ढकलली."

येसाई आत धावली. सगुणा घामानं भिजली होती, दमली होती, पण शुद्धीत होती. सासूला बघून ती हसली आणि म्हणाली, "आत्याबाई, भूक लागली."

येसाई हसता हसता रडू लागली. बाहेरच्या बायकांना आधी वाटलं काही वाईटच झालं. त्यांना खरं काय ते कळलं, तशी एकेक जण उठून आपापल्या घरी गेली. ज्या घरी पोटुशी सून होती, त्या घरी त्या दिवशी टोपलीतून दुसरी भाकरी निघाली, असं सांगतात. डोंगराईला लोक भुकाई म्हणू लागले ते तेव्हापासून.

आजही जत्रेला गावातल्या पोटुश्या सुनांना एकामागून एक त्या दगडावर बसवून जेवू घालतात आणि त्यांनी निपटलेलं ताट देवीपुढं ठेवतात. हल्ली खालच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईही वर येतात, मंडपाच्या कोपऱ्यात काटा मांडून वजन घेतात, रक्त तपासतात, गोळ्या देतात. द्वारकाबाईंनी त्यांना देवीच्या उजव्या बाजूची जागा दिली आहे. सासू ताट घेऊन उभी राहते, पण वाढत नाही. आधी सुनेनं सगळ्यांच्या देखत म्हणायचं असतं, "मला भूक लागली." नवी पोर लाजते, पदरात पुटपुटते. मग द्वारकाबाई म्हणतात, "देवीला ऐकू न्हाई आलं." पोर धीर करून मोठ्यानं म्हणते. तेव्हा मंडपात बसलेल्या म्हाताऱ्या, ज्यांना आपल्या दिवसांत हे म्हणता आलं नव्हतं त्याही, सगळ्या एका आवाजात म्हणतात, "वाढा गं तिला."