सातभाई गप्प का झाले?

घाटात मोठा रस्ता नुकताच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. सावरी नावाची वानरी आपल्या पिल्लाला, टिकल्याला, घेऊन रोज रस्त्याच्या कठड्यावर बसायची. गाड्या थांबत, माणसं वेफर्सचे पुडे टाकत. एवढासा टिकल्या दातांनी पुडा फोडायचा, आणि सावरीला त्याचं कोण कौतुक!

एके सकाळी बिबट्या आला. टोळीतल्या म्हाताऱ्या भुरकीमावशीने ओरडून इशारा दिला. सगळी पिल्लं झाडावर चढली. टिकल्या मात्र चकचकीत पुड्याकडेच बघत राहिला. शेवटी मावशीनेच त्याला उचलून वर नेलं.

"सावरे, पोराला ऐकू येतं गं, पण उमजत नाही," मावशी म्हणाली. "त्याला रानात घेऊन बस."

सावरीला राग आला. पण पोर थोडक्यात वाचलं होतं, हे तिला विसरता येईना. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला घेऊन उंबरावर बसू लागली. टिकल्या रडला, चावला, रस्त्याकडे पळाला. खरं तर तीही कंटाळली होती. तरी ती पानं दाखवत, सातभाईंसारख्या कलकलाट करणाऱ्या पाखरांचे आवाज ओळखायला शिकवत बसून राहिली.

पंधराएक दिवसांनी टिकल्या खेळता खेळता थबकला. "आई, सातभाई एकदम गप्प का झाले?"

सावरीने दचकून वर पाहिलं. आभाळात ससाणा घिरट्या घालत होता. तिच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

टिकल्याला पोटाशी धरून ती मावशीकडे गेली. मग ती मावशीच्या मागे बसली आणि तिच्या पाठीवरचे केस हळुवार विंचरू लागली.