रंगमहाल बघायचा रुपया

सोनगिरीच्या जहागीरदारांनी आपला रंगमहाल लोकांना बघायला खुला केला आणि दारात माणशी एक रुपया लावला. त्या काळी रुपयात घराचं आठवड्याचं धान्य येई, त्यामुळे गावातलं कोणी फिरकलं नाही.

एके सकाळी भिवराबाई चितारीण दारात उभी राहिली. महालाच्या छतावरचे मोर तिच्या नवऱ्याने रंगवले होते. तो जाऊन वर्ष झालं होतं आणि तिने ते मोर एकदाही पाहिले नव्हते.

जहागीरदार नव्या व्याह्यांबरोबर ओसरीत झोपाळ्यावर बसले होते. ते गरजले, "रुपया टाक आणि खुशाल बघ!"

"टाकते, सरकार. पण आधी सांगा, हे तुमचं घर की सर्कस?"

झोपाळा थांबला.

"जीभ सांभाळ, बाई! सात पिढ्या नांदल्यात या घरात!"

"मग घरच झालं की! आमच्या झोपडीतसुद्धा आल्यागेल्याला गूळपाणी मिळतं. मुलगी बघायला आलेले तर पोटभर खाऊन जातात, त्यांच्याकडे कोणी तिकीट मागत नाही. सर्कस असेल तर घ्या रुपया, पण मग सिंह दाखवा!"

व्याही पगडी सरकेपर्यंत हसले. "जहागीरदार, आम्ही मुलगी बघायला आलो तेव्हाचं तिकीट राहिलंच की हो!"

जहागीरदारांनी कसंबसं हसून आत हाक मारली, "अरे, बाईंना गूळपाणी आणा!"

पाणी पिऊन भिवराबाई जवळजवळ धावतच आत गेली आणि मान दुखेपर्यंत मोर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अख्खा गाव पाहुणा म्हणून आला. दुपारपर्यंत कोठीतला गूळ संपला.