शेपटीचं अपील

फार पूर्वी जंगलाचं कोर्ट एका जांभळीच्या बुंध्याशी भरे. तिथे रेडेबुवा खटले चालवत आणि शेंड्यावर घुबडआजी अपिलं ऐके.

चिंगी खारीवर जांभळं चोरल्याचा आळ आला. रेडेबुवा म्हणाले, "पोपटाची साक्ष घेऊ."

चिंगी सुर्रकन शेंड्यावर. "आजी, तो पोपट नुसता बडबड्या आहे!"

"आधी खटला संपू दे, मग ये."

थोड्या वेळाने चिंगी रडतच परत आली. "आजी, शेपटीला जांभळाचा डाग आहे म्हणून रेडेबुवा ती पुराव्यासाठी आजच कापणार!"

घुबडआजी ताडकन उठली. "थांबवा! शेपटी एकदा गेली की कुठल्याही निकालाने परत येत नाही. हे आत्ताच ऐकते."

शेपटी वाचली. चिंगीने फांदीवर तीन कोलांट्या मारल्या आणि लाडात विचारलं, "मग पोपटाबद्दलची तक्रारही आत्ताच ऐकतेस?"

"खटला संपल्यावर, गं बाई!"