पान्ह्याच्या वशाची कहाणी

ऐका, जिवतीबाई, तुमची कहाणी. कोणे एके काळीं एक आटपाट नगर होतं. त्या नगरांत कोष्ट्यांची आळी होती, आळींत भागाईचं घर होतं, घरांत माग होता आणि मागावर राणीचा शालू चढलेला होता. भागाईचा मुलगा विसोबा शालू विणी, आणि सून मनकर्णा रहाटावर कांड्या भरून त्याला सूत पुरवी.

मनकर्णेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीं व्हायचं, परंतु शालू अडेल म्हणून सासूनं तिला धाडलं नाहीं. मग आईचा निरोप आला कीं, बाळाला पहिला चीक पाजावा, उष्टावणापर्यंत आईच्या दुधावांचून कांहीं देऊं नये, पाणीसुद्धां नाहीं. हा जिवतीचा वसा आहे. मनकर्णेनं वसा मनांतल्या मनांत घेतला. घरांत कोणाला सांगायचा धीर झाला नाहीं.

ज्येष्ठांत ती प्रसूत झाली, मुलगा झाला. त्याच दिवशीं गोठ्यांत गाय व्याली. सासू आधीं गोठ्यांत गेली. वासराला आंचळाशीं लावलं, म्हणाली, चिकावांचून तें पायांवर उभं कसं राहील? उरल्या चिकाचा खरवस केला, वर वेलदोडा पेरला, आळींत वाटला. मग बाळंतिणीच्या खोलींत आली. सुनेचा चीक पाहिला. पिवळा आहे, जड आहे, बाळाला बाधेल म्हणाली, आणि तो पिळून न्हाणींत टाकायला लावला. वशाची गोष्ट मनकर्णेच्या ओठांवर आली, ती तिनं गिळली.

मग बाळ रडलं. चुलतसासू आली, मधाचं बोट चाटवून गेली. बाळ निजलं, पान्हा ओसरला. मग बाळ रडलं. शेजारीण आली, गुळाचं पाणी पाजून गेली. बाळ निजलं, पान्हा आणखी ओसरला. मग बाळ रडलं. सासूनं चांदीचं बोंडलं काढलं, त्यांत गाईचं दूध भरलं, त्याची चोच बाळाच्या ओठांत धरली. बाळ निजलं, आणि मनकर्णा भरल्या उरानं भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बारसं झालं. मनकर्णेला रहाटाशीं बसवलं. पाळणा माजघरांत, रहाट ओसरीवर. बाळ रडे, ती उठूं जाई. सासू म्हणे, ही कांडी भर नि ऊठ. ती कांडी भरे, उठूं जाई. विसोबा म्हणे, धोट्यांतलं सूत संपलं, एवढी एक कांडी दे. ती भरून पाळण्याशीं जाई, तों बाळ बोंडल्यानं निजलेलं असे आणि तिची चोळी भिजून वाळलेली असे. रहाटाशीं बसली कीं कान पाळण्याकडे, पाळण्याशीं उभी राहिली कीं डोळे रहाटाकडे. बसवत नसे, निजवत नसे. जेवायला सगळ्यांमागून बसे, पातेल्याच्या तळाशीं असेल तें खाई. दूध आटलं. बाळाला हगवण लागली, हातापायांच्या काड्या झाल्या. पाणवठ्यावर बाया म्हणत, भागाईची सून रूपाची पूर्ण, दुधाची कोरडी. मनकर्णा तें ऐके आणि रित्या घागरीनं घरीं येई. हें मूल आतां हातचं जातं, एवढंच तिला दिसे.

पुढें श्रावण आला, शुक्रवार आला. सासूनं जिवतीची पूजा मांडली. सवाष्ण हवी, तों एक अनोळखी बाई दारांत उभी राहिली. कडेवर मूल, बोटाशीं मूल, पदराआड मूल. सासूनं पाट दिला, हळदकुंकू लावलं, दूध-फुटाणे पुढें ठेवले. ती म्हणाली, सकाळचं दूध मला चालत नाहीं, आत्तांचं काढून आणा.

सासू चरवी घेऊन गोठ्यांत गेली. मनकर्णा दाराशीं उभी राहिली. गाईनं पान्हा चोरला. सासूनं वासरू सोडलं, त्याला आधीं पिऊं दिलं. गाईपुढें आंबोणाची पाटी ठेवली. गाईच्या पाठीवर हात फिरवला, आणि विसोबाला म्हणाली, माग थांबव, ती बुजते, दूध सोडणार नाहीं. घर चिडीचूप झालं. चरवींत धार वाजली.

त्या शांततेंत मनकर्णेचा आवाज फुटला. "सासूबाई, गाईला पान्हा फुटावा म्हणून तुम्हीं वासरू सोडलंत, आंबोण दिलंत, माग थांबवलात. माझं वासरू कधीं सोडाल?"

सासूचा हात आंचळावरच राहिला. धार थांबली. ती उठली, ओसरीवर आली, सवाष्णीपुढें चरवी ठेवली, पण मान वर करवेना.

सवाष्ण म्हणाली, "भागाई, तुझ्या सुनेनं माझा वसा घेतला आहे, पण एकटीनं. हा एकटीच्यानं निभत नाहीं. घरानं घ्यावा."

सासूनं विचारलं, तो कसा घ्यावा? मग सवाष्णीनं सांगितलं: उष्टावणापर्यंत बाळाला आईचंच दूध द्यावं. बाळ रडलं कीं हातचं काम ठेवावं. बाळंतिणीचं ताट आधीं वाढावं. तिला कोरडी म्हणून हिणवूं नये, पाळणा तिच्या हाताशीं बांधावा. एवढं बोलून ती मुलं सांवरीत पायऱ्या उतरली. सासू ओटी घेऊन मागें धांवली, तों आळींत कोणी नाहीं.

मग सासूनं बोंडलं घांसलं, पुसलं, जिवतीच्या तसबिरीमागें ठेवलं. विसोबानं पाळणा ओसरीवर टांगला. बाळ घडोघडी रडे, घडोघडी ओढी, आणि दूध थेंबाथेंबानं येई. मनकर्णा घाबरे. सासूचा हात तसबिरीकडे जाई, तिथून परत येई, आणि तो ती सुनेच्या पाठीवरून फिरवी. एकदां गेला, परत आला. दोनदां गेला, परत आला. तिसऱ्यांदा जातो न जातो तों बाळाच्या ओठांच्या कडेनं दूध ओघळलं.

इतक्यांत राणीचा हुजऱ्या आला. म्हणाला, शालू कुठें आहे? राणीसाहेब रागावल्या आहेत, काम दुसरीकडे देतील. विसोबानं मनकर्णेकडे पाहिलं, मनकर्णा बाळाला दूर करूं लागली. सासू दोघांच्या मधें उभी राहिली. म्हणाली, "शालू उशीरा होईल. आमच्या घरीं बाळ पितं आहे."

हुजऱ्यानं तेंच राणीला जाऊन सांगितलं. राणी म्हणाली, बाळाला पिऊं द्या, आम्ही थांबूं.

मागावरून शालू उतरला, बाळ अंगानं भरलं. मार्गशीर्षांत उष्टावण झालं. मामानं खिरीचं बोट लावलं. सासूनं तसबिरीमागचं बोंडलं काढून पुढें धरलं. बाळानं तें दोन्ही हातांनीं हिसकलं, भिरकावलं, आणि आईच्या पदराकडे वळलं. सगळं घर हसलं. सासू सर्वांत जास्त हसली.

जिवतीबाई जशी मनकर्णेच्या घराला पावली, तशी तुम्हां-आम्हां ऐकणाऱ्यांच्या घराला पावो. कोणाच्या पाळण्याआड कोणाचं काम न येवो. साठां बोलांची ही कहाणी पांचां बोलांत सांगितली, ती सुफळ होवो, संपूर्ण होवो.