राजानं ओटे फोडले त्याची गोष्ट

लई वर्सांपूर्वी एक राजा होता. आता तुम्ही म्हणाल, शेवट आम्हाला ठावा हाय. लावता पैज? कुणी बरोबर ओळखला तर माझी अर्धी मिशी काढून देतो, कुठली अर्धी ते तुम्हीच सांगा.

तर त्या राजाच्या नगरात घर तिथं ओटा. ऊन कललं की बायाबापड्या ओट्यावर. कुणी शेंगा सोलतंय, कुणी वाती वळतंय, आन् तोंडं चालूच. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून रुसली, समदं ओट्यावर कळायचं.

राजाची आई म्हातारपणी इसराळू झालेली. माहेरी निघाले म्हणून रोज मागच्या दारानं सटकायची. चार ओटे वलांडले की कुणीतरी उठायचं. "आईसाहेब, आज सोमवार, सोमवारी माहेरी जात न्हाईत," म्हणून हाताला धरून परत आणायचं. मंगळवारी मंगळवार सांगायचं. म्हातारी खूश!

पण राजाला हौस आली रथ पळवायची. रस्ता अरुंद, कारण ओटे मधी. त्यानं हुकूम काढला, समदे ओटे फोडा.

ठकूबाई म्हणून एक विणकरीण होती. ती पहारीसमोर ओट्यावर मांडी ठोकून बसली.

"ऊठ ठकूबाई, नगर चकचकीत करायचंय," राजा म्हणाला.

"कर की. पण येवढ्या घाईनं जायचंय कुठं तुला? वेशीपातूर जाणार आन् माघारी येणार!"

शिपायांनी तिला उचलून बाजूला ठेवलं, मांडी तशीच. ओटा फुटला.

रस्ता झाला, सरळ सोट. रथ असा पळायचा की कोंबड्यांनी अंडी घरात घालायला सुरवात केली. धुरळा येतो म्हणून लोकांनी दारं लावली. बसायला जागा न्हाई, मग भायेर यायचं कशाला?

एका दुपारी म्हातारी सटकली. सरळ रस्ता, सरळ वेस, सरळ रान.

राजा दारं वाजवत सुटला. "आईसाहेब दिसली का?"

आतनं आवाज यायचा, "दार बंद होतं, महाराज."

शेवटी ठकूबाईचं दार. ती आपल्याला हसंल असं त्याला वाटलं. पण तिनं पदर खोचला, रस्त्यात उभी राहिली आन् बोंब ठोकली, "निघा रं समदे! आईसाहेब हरवली! ती घावल्याबिगर कुणी घोटभर पाणी प्यायचं न्हाई!"

तशी धडाधड दारं उघडली. झाडंझुडपं, पाण्यानं पडलेल्या खोल वगळी, समदं रान त्यांनी पालथं घातलं. दुसऱ्या दिशी म्हातारी एका वगळीत घावली. जित्ती होती, पण पाय मोडलेला.

ठकूबाईचा हात धरून ती म्हणाली, "कुठं गेलता गं समद्या? ओट्यावर कुणीच न्हाई. मला वाटलं गाव उठून गेलं."

राजा खाली मान घालून ऐकत होता.

मग त्यानं स्वता दगड वाहिले. घरोघर ओटे बांधले, रस्ता पयल्यासारखा अरुंद झाला. पण म्हातारी पुन्हा चालली न्हाई. राजा मरेपातूर... न्हाई, ती मरेपातूर, रोज ऊन कललं की राजा आईला पाठकुळी घेऊन फिरायचा. ती दर ओट्यापाशी इचारायची, "आलं का रं माझं माहेर?" आन् तो म्हणायचा, "आज सोमवार हाय, आई."

नगर रस्त्यानं न्हाई जगत, दारात बसून एकमेकांकडं लक्ष ठेवणाऱ्या माणसांनी जगतं.