एक नंबरची चिठ्ठी

"माई, आपण आत जायच्या आधीच सहा वाजले तर?"

श्रीरंगने तिसऱ्यांदा विचारलं.

लोकसभेचं मतदान होतं. मे महिन्याचं ऊन टाळायला सगळं गाव संध्याकाळीच शाळेच्या आवारात लोटलं होतं. लांबलचक रांगेत टेकडीवरच्या आश्रमातल्या रत्नामाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे, सगळ्यांत शेवटी, त्यांचा शिष्य श्रीरंग.

"वाजू देत की," माई म्हणाल्या.

वाजू देत कसे? पाच वर्षांपूर्वी यादीत नाव नाही म्हणून त्याला याच दारातून माघारी फिरावं लागलं होतं. तहसीलला चार खेटे घातले, तेव्हा कुठे नाव लागलं. गेला महिनाभर तो आश्रमात येईल त्याला निवडणूक समजावून सांगत होता. जागा पाचशे त्रेचाळीस, बहुमताला दोनशे बहात्तर. त्याच्याइतकं हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तेवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि आज माई त्याला दारापर्यंत पोचूच देत नव्हत्या. कडेवर लेकरू घेतलेली बाई आली.

"तू हो गं पुढे."

वीटभट्टीवरून दोन मजूर घामाने निथळत आले.

"व्हा रे पुढे."

शेवटी पोलिसालाच दया आली. "आजी, म्हाताऱ्या माणसांना रांग नसते. चला सरळ आत."

"गुडघे शाबूत आहेत माझे. उभी राहते."

श्रीरंग कुजबुजला, "माई, तुमचं ठीक आहे. माझी आणखी पाच वर्षं जातील."

"मग तू जा पुढे."

"गुरूच्या पुढे उभा राहू? मी तसला शिष्य नाही."

"बरं," माई म्हणाल्या.

...

सहा वाजले. पोलिसाने फाटक ओढून घेतलं. संपलं, श्रीरंगला वाटलं.

तेवढ्यात केंद्राध्यक्ष बाई बाहेर आल्या. हातात सही केलेल्या चिठ्ठ्या. पुढच्यांनी हात पसरले. बाई त्यांना ओलांडून गेल्या... मधल्यांनाही ओलांडून गेल्या... आणि रांगेच्या टोकाला येऊन त्यांनी पहिली चिठ्ठी श्रीरंगच्या हातात ठेवली.

चिठ्ठीवर आकडा होता, एक.

"मागून कशा वाटता, बाई?"

"पुढून वाटत आले तर तोवर मागे आणखी चारजण चिकटतात." बाईंनी माईंना दोन नंबर दिला. "आता ज्याच्या हातात चिठ्ठी, त्याचं मत पडल्याशिवाय मी मशीन बंद करत नाही. कितीही वाजोत."

श्रीरंगने एवढा मोठा श्वास सोडला की माईंच्या पुढचा मजूर वळून बघायला लागला.

"काय महाराज, मुलगा झाला का?"

श्रीरंगही हसला. किती दिवसांनी हसला, कोण जाणे. मग मघाच्या चिडचिडीची त्याला लाज वाटली. त्याने चिठ्ठी दोन्ही हातांवर ठेवून माईंपुढे धरली.

"माई, एक नंबर तुमचा. तुमचा दोन मला द्या."

"देते की. पण एक नंबरवाल्याने उभं कुठे राहायचं?"

श्रीरंगने मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"सगळ्यांत शेवटी."

"म्हणजे मला मागे ढकलतोस?"

त्याने झटकन हात मागे घेतला. मग माईंच्या हातातला दोनचा आकडा त्याला दिसला, आणि तो पुन्हा अडला.

...

"माई, मग मी तुमच्या पुढे झालो, की मागे?"

रांग एक पाऊल सरकली. माईही सरकल्या.

"आत गेलास की मशीनला विचार."