गैरहजर मुलीचे गुण

एकदा एका विद्यापीठात एक वयोवृद्ध प्राध्यापिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य संशोधन करत होता, आणि त्याच्या जिवाला स्वास्थ्य म्हणून नव्हते.

त्याचा विषय ऐकायला अवघड, पण मुळात साधा. संगणकासाठी प्रोग्राम लिहिताना माणसाच्या हातून चुका होतात. जिथे आकडा हवा तिथे तो नाव लिहितो, जिथे अजून काही ठेवलेलेच नाही तिथून काहीतरी काढायला सांगतो. मग प्रोग्राम ऐन वेळी कोसळतो. म्हणून काही संगणकभाषांमध्ये एक तपासनीस असतो. हा आकडा, हे नाव, ही तारीख, असा प्रत्येक गोष्टीचा प्रकार तो आधी पाहतो, आणि प्रकार जुळले नाहीत तर प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही. शिष्य अशीच एक नवी भाषा घडवत होता. आपल्या तपासनिसाने आत सोडलेला प्रोग्राम कधीही मध्येच कोसळणार नाही, हे त्याला गणिताने सिद्ध करायचे होते. कधीही म्हणजे कधीही.

सिद्धता पुरी होत आली, की एखादा वाह्यात प्रोग्राम निघे. तो तपासनिसाला चुकवून आत शिरे आणि तिथे जाऊन कोसळे. शिष्य मग तसे लिहायलाच मनाई करणारा एक नियम घाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. असे किती वेळा झाले, याची त्याने मोजदाद सोडून दिली होती. जेवताना घास हातात राही. आईचा फोन आला की हो-हो म्हणे, आणि ठेवल्यावर ती काय म्हणाली ते आठवत नसे. खोलीतले सोबती त्याला ‘जवळजवळराव’ म्हणू लागले होते, कारण काम कुठवर आले असे विचारले की त्याचे एकच उत्तर असे, ‘‘जवळजवळ झालं.’’ चहा निवून त्यावर साय धरली, की कोणीतरी म्हणे, ‘‘जवळजवळराव, निदान चहा तरी पूर्ण करा.’’ तोही हसे, पण हसतानाही त्याची नजर भिंतीवरच्या फळ्यावर, अर्धवट सिद्धतेवर असे.

त्याच्या घाईला कारणही होते. एका मोठ्या परिषदेकडे शोधनिबंध पाठवण्याची मुदत संपत आली होती. निबंध गेला तर शिष्यवृत्ती आणखी काही काळ चालणार होती. नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून मिळेल ती नोकरी धरायची. त्यातच परदेशातल्या संशोधकांची एक तुकडी याच प्रश्नावर काम करते आहे, असे त्याच्या कानावर आले होते.

आणि एके दिवशी सिद्धता पुरी झाली. शेवटचा नियम घातला आणि सगळे जागच्या जागी बसले. तो नियम असा होता, की या भाषेत माहिती ठेवायची कोणतीही जागा क्षणभरही रिकामी ठेवता येणार नाही. जागा केली की त्याच क्षणी ती भरायची.

तो कागद घेऊन बाईंकडे गेला. बाईंनी चष्मा लावला आणि दुपारभर एकेक पायरी पेन्सिलीने तपासली. तो समोर बसून नखे कुरतडत होता. शेवटी बाई म्हणाल्या, की यात चूक नाही, सिद्धता अगदी बरोबर आहे. त्याने श्वास सोडला. तेवढ्यात बाईंनी पेन्सिल उचलली आणि त्या शेवटच्या नियमावर आडवी रेघ मारली.

‘‘बाई, रेघ चुकून पडली का?’’

‘‘नाही रे, मुद्दाम मारली.’’

तो ताडकन उठून उभा राहिला. हा नियम काढला तर सिद्धतेत काही उरत नाही, हे बाईंनाही ठाऊक होते. मुदतीचे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. बाईंनी ते ऐकून घेतले आणि त्याला संगणकापाशी बसवले. म्हणाल्या, तुझ्या भाषेत एक छोटासा प्रोग्राम लिहून दाखव. एका वर्गातल्या मुलांचे परीक्षेचे गुण ठेवायचे आहेत. त्यातली एक मुलगी तापाने आजारी होती. तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे.

शिष्याला ते पोरखेळासारखे वाटले. त्याने भराभर लिहिले. तपासनिसाने अडवले. त्या मुलीची जागा रिकामी होती. त्याने दुसऱ्या रीतीने लिहिले, पुन्हा अडवले. तिचे नाव वगळून पाहिले तर प्रोग्राम चालला, पण बाई म्हणाल्या, ती मुलगी वर्गात आहे ना? तिला कुठे घालवलंस? त्याचे कान तापले. अखेर त्याने तिच्या नावापुढे शून्य टाकले आणि तपासनिसाने प्रोग्राम मुकाट्याने आत सोडला.

‘‘झालं,’’ तो म्हणाला.

‘‘झालं खरं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘प्रोग्राम कोसळणार नाही. पोरगी तेवढी नापास झाली.’’

तो पडद्यावरच्या शून्याकडे बघत राहिला.

मग बाई सावकाश बोलू लागल्या. ‘‘अरे, तपासनीस कशासाठी असतो? खोटं अडवायला. तुझा तपासनीस खोटं मागून घेतो आणि मगच माणसाला आत सोडतो. तुझ्या मनाची तगमग मी रोज पाहत होते. दर वेळी भीती वाटली की तू एक गोष्ट बोलायचीच बंद केलीस. अशानं चूक उरली नाही, पण खरं बोलायलाही जागा उरली नाही. ती तगमग तुझी वैरी नव्हती रे. इथे असं काही आहे ज्याला तुझ्या भाषेत अजून प्रकारच नाही, एवढंच ती सांगत होती. ‘अजून आलेलं नाही’ हेही एक खरं उत्तर आहे. त्याला मनाई नको करूस. त्याला प्रकार दे.’’

‘‘आणि शिष्यवृत्ती?’’

‘‘तिच्यासाठी मी भांडेन. मिळेलच असं सांगत नाही.’’

तो निबंध पाठवावा असे शिष्याला अजूनही वाटत होते. त्यात चूक नव्हती, आणि परिषदेतल्या कोणी ती आजारी मुलगी पाहिलेली नव्हती. पण आता त्याने पाहिली होती. त्याने ते शून्य पुसले. तपासनिसाने लगेच त्या ओळीवर बोट ठेवले, आणि शिष्याने या वेळी कोणताही नियम घातला नाही.

मुदत आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी विचारले, काम कुठवर आले? तो म्हणाला, ‘‘अडलंय, बाई. पण कुठे अडलंय ते आता कळतंय.’’ बाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या.

जे अजून कळलेले नाही त्याच्यापुढे आपणही घाईने शून्य मांडतो, आणि पुष्कळदा ती जागा एखाद्या माणसाची असते.